शेवट असलेल्या चित्रकथा : ‘व्हर्टिगो’ची घडण आणि विसर्जन

अमेरिकेच्या कॉमिक-व्यवसायात ‘प्रौढ वाचकांसाठी’ हे शब्द प्रथम आले ते इशारा म्हणून. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरांत छापले जात, आणि त्यांचा हेतू एवढाच असे, की अंक एखाद्या लहान मुलाच्या हाती पडला आणि त्याचे पालक भांडायला आले, तर दुकानदाराला आणि प्रकाशकाला हात झटकता यावेत. न्यूयॉर्कच्या डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने जानेवारी १९९३ मध्ये ‘व्हर्टिगो’ हे इंप्रिंट सुरू केले, तेव्हा हाच इशारा ओळख म्हणून मिरवला जाऊ लागला. इंप्रिंट म्हणजे मोठ्या प्रकाशनसंस्थेने आपल्याच छत्राखाली, पण निराळे नाव, निराळी बोधमुद्रा आणि निराळे संपादकीय धोरण देऊन चालवलेली शाखा. तिची छपाई, वितरण आणि हिशेब मूळ संस्थेकडेच असतात, मात्र काय छापायचे हे बव्हंशी शाखेचा संपादक ठरवतो. व्हर्टिगो २७ वर्षे चालले, आणि त्या काळाचा इतिहास बहुधा रक्तपात, शिवीगाळ आणि नग्नता यांना मिळालेल्या मोकळिकीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ती मोकळीक खरी होती, पण तिच्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरलेली गोष्ट निराळी आहे: कथेला शेवट असू शकतो आणि ती कोणा एकाची असू शकते, हे या शाखेने एका अशा धंद्यात रुजवले जिथे या दोन्ही गोष्टी जवळजवळ अशक्य मानल्या जात होत्या.

त्या अशक्यतेचे मूळ धंद्याच्या रचनेत होते. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅन हे पात्र १३० डॉलरच्या मोबदल्यात प्रकाशकाला लिहून दिले, आणि पुढच्या कित्येक दशकांचा व्यवहार याच नमुन्यावर चालला. लेखक आणि चित्रकार पानामागे ठरलेले पैसे घेत. पात्र, कथा आणि बहुतेक वेळा मूळ चित्रेसुद्धा कंपनीची होत. एक जण कथा लिही, दुसरा पेन्सिलने रेखाटने करी, तिसरा त्यांवर शाई फिरवी, चौथा रंगांच्या खुणा करी आणि पाचवा संवादांच्या फुग्यांत अक्षरे लिही. यांपैकी कोणालाही बदलले तरी मालिका थांबत नसे. नायक म्हातारा होत नसे, मरत नसे, आणि मेलाच तर वाचक विसरण्याआधी परत येई, कारण तो कोणाच्या कल्पनेतील माणूस राहिला नसून कंपनीच्या ताळेबंदातील मालमत्ता झाला होता. मालमत्तेला शेवट नसतो, म्हणून कथेलाही नसे.

यात १९५४ मध्ये दुसरे कुंपण पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर गुन्हेगारीच्या आणि भयकथांच्या कॉमिकना मोठा खप आला होता, आणि त्यांत ईसी कॉमिक्स ही विल्यम गेन्स यांची संस्था आघाडीवर होती. फ्रेडरिक वर्थम या न्यूयॉर्कमधील मानसोपचारतज्ज्ञांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बालगुन्हेगारीचा संबंध कॉमिकच्या वाचनाशी जोडला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या. वर्थम यांनी आपल्या पुराव्यांत फेरफार केले होते, हे कॅरल टिली यांच्या संशोधनातून २०१२ मध्ये पुढे आले. तोपर्यंत अर्थात त्या पुराव्यांचे काम होऊन गेले होते. सरकारी बंदी येण्याआधी प्रकाशकांनीच एकत्र येऊन ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता स्वीकारली. शीर्षकात ‘हॉरर’ शब्द नको, रक्तपिपासू पिशाच्चे आणि चालती प्रेते नकोत, न्यायाधीश व पोलीस यांच्याविषयी अनादर वाटेल असे चित्रण नको, आणि प्रत्येक प्रसंगी सत्याचा विजय व्हायला हवा, असे तिचे नियम होते. संहिता कायद्याने बंधनकारक नव्हती, पण मुखपृष्ठावर तिचा शिक्का नसलेला अंक घाऊक वितरक उचलत नसत, त्यामुळे ती कायद्यापेक्षाही कडक ठरली. ईसीचे एक ‘मॅड’ तेवढे नियतकालिकाचे रूप घेऊन वाचले. बाकी मालिका बंद पडल्या.

संहिता सैल झाली ती कोणाचे मतपरिवर्तन झाल्यामुळे नव्हे. अंक विकण्याची वाटच बदलली. वृत्तपत्रविक्रेत्यांकडे जाणारे अंक न खपल्यास परत घ्यावे लागत, आणि छापलेल्या प्रतींचा मोठा हिस्सा असाच वाया जाई. ब्रुकलिनमधील शाळाशिक्षक आणि कॉमिक-संमेलनांचे संयोजक फिल सूलिंग यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रकाशकांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला: खास कॉमिकचीच दुकाने चालवणाऱ्यांना अधिक सवलत द्यावी, आणि त्या बदल्यात न खपलेल्या प्रती त्यांनी परत करू नयेत. या पद्धतीला पुढे ‘डिरेक्ट मार्केट’, म्हणजे थेट बाजार, म्हणू लागले. त्यात शिक्क्याची गरज उरली नाही, कारण या दुकानांत येणारे गिऱ्हाईक कोपऱ्यावर चॉकलेट घ्यायला आलेले मूल नव्हते. ते नोकरी करणारे, आपली आवड ओळखून असणारे आणि दर आठवड्याला ठरल्या वारी येणारे होते. सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्ब आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६८ पासून शिक्क्याबाहेरची ‘अंडरग्राउंड’ कॉमिक छापून दाखवली होती, परंतु ती मुख्य धंद्याच्या हिशेबात धरली जात नव्हती. थेट बाजारामुळे मोठ्या कंपन्यांनाही प्रौढ वाचक दिसू लागला.

डीसीमध्ये या वाचकासाठी पहिले दार उघडले ते एका दुर्लक्षित मालिकेतून. लेन वीन आणि बर्नी राइटसन यांनी १९७१ मध्ये निर्माण केलेला स्वॅम्प थिंग, म्हणजे दलदलीतील वनस्पतींच्या देहाचा प्राणी, १९८० च्या दशकात पुन्हा मासिक मालिकेत आला होता, पण मालिका रडतखडत चालली होती. आणि बुडत्या मालिकेचा एक फायदा असतो, की तिच्याकडे वरच्यांचे फारसे लक्ष नसते. ती १९८३ मध्ये ॲलन मूर या इंग्रज लेखकाकडे देण्यात आली. तोवर हा प्राणी म्हणजे अपघातात देह गमावलेला आणि पुन्हा माणूस होऊ पाहणारा शास्त्रज्ञ आहे, अशी समजूत होती. मूर यांनी दुसऱ्याच अंकात शवविच्छेदनाच्या प्रसंगातून दाखवले, की शास्त्रज्ञ कधीच मेला असून हा त्याच्या आठवणी शोषून घेतलेला वनस्पतींचा पुंजका आहे, आणि माणूस होण्याची त्याची सारी धडपड निराधार आहे. स्टीफन बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांनी ओल्या, सडत्या, दाट रेषांनी त्या जगाला शरीर दिले. मालिकेचा २९ वा अंक १९८४ मध्ये संहितेच्या परीक्षकांनी नाकारला, तेव्हा डीसीने तो शिक्क्याविना बाजारात पाठवला. कोणतेही आभाळ कोसळले नाही, आणि थोड्याच अंकांनंतर मालिकेने शिक्का कायमचा सोडला.

या मालिकेचे संपादन वीन यांच्याकडून लवकरच कॅरन बर्गर यांच्याकडे आले. ब्रुकलिन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकून १९७९ मध्ये डीसीत साहाय्यक म्हणून लागलेल्या बर्गर कॉमिकच्या भक्त नव्हत्या, आणि सुपरहिरोंविषयी त्यांना विशेष ओढही नव्हती. त्या काळात त्यांच्या आजूबाजूचे बहुतेक संपादक लहानपणापासून हीच कॉमिक वाचून वाढले होते आणि पात्रांची वंशावळ त्यांना तोंडपाठ होती; बर्गर मात्र हस्तलिखित हाती आले की ते चांगले लिहिले आहे का, एवढेच पाहू शकत. कंपनीच्या प्रमुख जेनेट कान यांचे पाठबळ त्यांना होते. कान १९७६ मध्ये वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी डीसीच्या प्रकाशक झाल्या होत्या आणि त्याही बाहेरून आलेल्या होत्या. पुरुषांचा मानल्या गेलेल्या या धंद्यातील सर्वांत धाडसी पर्व दोन स्त्रियांच्या अधिकाराखाली घडले, याची दखल घ्यायला हवी. संपादकाच्या टेबलावरून एका पिढीची अभिरुची कशी घडते, हे ‘सत्यकथा’ आणि श्री. पु. भागवत यांच्या उदाहरणावरून मराठी वाचकाला ठाऊक आहे. बर्गर यांचे टेबल त्याच जातीचे होते, फक्त त्यावर हस्तलिखितांबरोबर चित्रांची पानेही असत.

मूर यांच्या यशानंतर बर्गर यांच्यावर ब्रिटनमधील लेखक-चित्रकार हेरण्याची जबाबदारी आली. तिथे ‘२००० एडी’ हे साप्ताहिक १९७७ पासून आणि ‘वॉरियर’ हे मासिक १९८२ पासून एक वेगळी तालीम देत होते: चार-सहा पानांत गोष्ट बसवायची, विनोद काळा ठेवायचा आणि नायकाविषयी मुळीच आदर बाळगायचा नाही. शिवाय या मंडळींना अमेरिकी सुपरहिरो हे परक्या देशातून बोटीने आलेले कुतूहल होते, वारसा नव्हता, त्यामुळे त्यांची मोडतोड करताना त्यांचा हात थरथरत नसे. लंडनमध्ये १९८७ मध्ये झालेल्या भेटींतून ग्रँट मॉरिसन यांचे ‘ॲनिमल मॅन’ आणि नील गेमन व डेव्ह मकीन यांचे ‘ब्लॅक ऑर्किड’ उभे राहिले. ‘स्वॅम्प थिंग’च्या ३७ व्या अंकात १९८५ मध्ये अवतरलेला जॉन कॉन्स्टंटाइन हा चुरगळलेल्या कोटातला, सतत सिगारेट ओढणारा आणि मित्रांचे बळी देऊन स्वतः वाचणारा इंग्रज मांत्रिक १९८८ मध्ये जेमी डेलानो यांच्या ‘हेलब्लेझर’चा नायक झाला. मार्गारेट थॅचर यांच्या काळातील ब्रिटनची बेकारी आणि कडवटपणा त्यात भुताखेतांपेक्षा अधिक भयावह होता. पीटर मिलिगन यांचे ‘शेड’ १९९० मध्ये आले. या सर्व मालिका बर्गर यांच्या हाताखाली एकत्र आल्यामुळे दुकानदार आणि वाचक त्यांना सहजच ‘बर्गरव्हर्स’, म्हणजे बर्गर यांचे विश्व, म्हणू लागले. शाखेचे बारसे होण्याआधी तिचे टोपणनाव पडले होते.

दरम्यान ‘प्रौढ’ या शब्दावरून घरात भांडण पेटले होते. डीसीने १९८७ मध्ये प्रौढांसाठीचे अंक निराळे ओळखू यावेत म्हणून वर्गवारीचे लेबल लावण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा मूर आणि फ्रँक मिलर यांच्यासह काही नामांकित लेखकांनी त्यास उघड विरोध केला. आक्षेप वर्गवारीपेक्षा ती परस्पर ठरवण्याला होता. मूर यांच्या नाराजीला आणखी एक कारण होते: त्यांच्या ‘वॉचमेन’ या पुस्तकाच्या करारात असे कलम होते, की पुस्तक छपाईबाहेर गेल्यावर हक्क लेखक-चित्रकारांकडे परत यावेत, पण पुस्तक इतके खपत राहिले की ते छपाईबाहेर कधी गेलेच नाही. अपयशी पुस्तकाचा लेखक मालक होणार आणि यशस्वी पुस्तकाचा होणार नाही, असा त्या कलमाचा अर्थ निघाला. मूर डीसी सोडून गेले. त्यांच्यानंतर ‘स्वॅम्प थिंग’ लिहिणारे रिक व्हीच यांनी नायकाला भूतकाळात नेऊन येशू ख्रिस्ताची भेट घडवणारा अंक रचला; तो १९८९ मध्ये कंपनीने ऐनवेळी रद्द केला आणि व्हीचही गेले. त्यांची जागा घेण्याचे ठरलेले गेमन आणि डेलानो या दोघांनी त्यांच्या बाजूने उभे राहत ते काम नाकारले. शिक्का गेला तरी कुंपण गेले नव्हते, ते फक्त कार्यालयाच्या आत सरकले होते.

या पार्श्वभूमीवर ‘द सँडमन’चे महत्त्व कळते. मुखपृष्ठावर जानेवारी १९८९ ही तारीख घेऊन आलेल्या या मालिकेत गेमन यांनी डीसीच्या जुन्या नायकाचे केवळ नाव ठेवले आणि त्याखाली स्वप्नांचा अधिपती असलेली नवीच व्यक्तिरेखा उभी केली. त्याची भावंडे म्हणजे नियती, मृत्यू, विनाश, वासना, निराशा आणि भ्रांती. त्यांतली मृत्यू ही काळ्या कपड्यांतील, हसतमुख आणि समंजस मुलगी असल्यामुळे ती वाचकांच्या सर्वाधिक जवळची झाली. सॅम कीथ आणि माइक ड्रिंगेनबर्ग यांच्यापासून अनेक चित्रकारांनी आतली पाने रंगवली, मात्र सर्वच्या सर्व ७५ मुखपृष्ठे मकीन यांची होती आणि त्यांत छायाचित्रे, गंजलेल्या वस्तू, कापड, लाकूड यांची जुळणी असे. नायक मुखपृष्ठावर दिसलाच पाहिजे हा धंद्याचा अलिखित नियम त्यांनी जवळजवळ पहिल्या वर्षीच मोडीत काढला. अक्षरकार टॉड क्लाइन यांनी स्वप्नाच्या अधिपतीचे बोलणे काळ्या फुग्यात पांढऱ्या अक्षरांनी लिहिले, आणि अक्षराचे वळण हेही पात्ररेखनाचे साधन असते हे वाचकाच्या डोळ्यांना शिकवले. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीवर रचलेल्या १९ व्या अंकाला १९९१ मध्ये लघुकथेसाठीचा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. पण धंद्याच्या दृष्टीने खरी घटना १९९६ मध्ये घडली: मालिका जोरात खपत असताना ती लेखकाच्या इच्छेनुसार ७५ व्या अंकाला थांबली, आणि पात्र कायद्याने कंपनीचे असूनही ती दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन पुढे रेटली गेली नाही. सुपरमॅनची मालकी असलेल्या कंपनीने असे काही याआधी केले नव्हते.

१९९३ चे औपचारिक उद्घाटन म्हणजे अशा प्रकारे आधीच नांदत असलेल्या घराला पाटी लावणे होते. चालू असलेल्या सहा मालिका, म्हणजे ‘सँडमन’, ‘हेलब्लेझर’, ‘स्वॅम्प थिंग’, ‘शेड’, ‘ॲनिमल मॅन’ आणि ‘डूम पट्रोल’, नव्या नावाखाली आल्या. मृत्यू या पात्रावरची छोटी मालिका हा पहिला नवा अंक ठरला, आणि तिच्यापाठोपाठ मिलिगन व डंकन फेग्रेडो यांचे ‘एनिग्मा’ आले. या ‘एनिग्मा’चा पूर्वेतिहास गमतीचा आहे: बर्गर यांचे सहकारी आर्ट यंग डीसी सोडून डिस्नेकडे गेले होते आणि तिथे ‘टचमार्क’ नावाचे प्रौढांसाठीचे इंप्रिंट उभारत होते, पण डिस्नेने तो बेत गुंडाळल्यावर यंग तयार हस्तलिखिते घेऊन परतले. मिकी माउसच्या घरात जन्मायची असलेली ही पुस्तके व्हर्टिगोच्या पहिल्या खेपेचा कणा झाली. नव्या शाखेच्या अंकांत वाचकांची लांबलचक पत्रे येत आणि बर्गर यांचे संपादकीय स्फुटही असे. आरंभीच्या काळातच काही अंकांत एड्सविषयी आठ पानी माहितीपर कथा छापली गेली, जिच्यात मृत्यू संकोचलेल्या कॉन्स्टंटाइनच्या हाती केळे देऊन निरोधाचा वापर समजावते. ‘प्रौढ’ या शब्दाचा इतका सरळ अर्थ या धंद्यात क्वचितच कोणी घेतला असेल.

सुरुवातीची वर्षे सगळीच सरस नव्हती. गेमन आणि मूर यांच्या छायेत लिहिलेली, अंधारलेली, पुराणकथांचे तुकडे जोडलेली आणि मंद गतीची बरीच पुस्तके तेव्हा निघाली, आणि खिन्नता म्हणजेच गांभीर्य असा समज शाखेत काही काळ बळावला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. १९९३ च्या अखेरीस अनेक मालिकांना एका कथेत गुंफण्याचा ‘चिल्ड्रन्स क्रुसेड’ हा प्रयोग झाला. सुपरहिरोंच्या अंकांत नेहमी चालणारी ही युक्ती इथे फसली आणि पुन्हा कधी केली गेली नाही. ज्या पुस्तकांचे लेखक एकमेकांसारखे नाहीत त्यांना एका सूत्रात ओवता येत नाही, हे त्यातून कळले, आणि शाखा सामाईक विश्वाच्या कल्पनेपासून दूर सरकली.

तिचे पुढचे पर्व निर्मात्यांच्या मालकीच्या मालिकांचे होते. या करारांत कथेचा स्वामित्वहक्क लेखक आणि चित्रकार यांच्या नावे राही, प्रकाशनाचे अधिकार डीसीकडे असत आणि चित्रपटासारख्या पुढच्या व्यवहारांत कंपनीचा वाटा ठरलेला असे; पूर्ण मालकी ही नव्हे, पण १३० डॉलरच्या व्यवहारापासूनचे अंतर मोठे होते. मॉरिसन यांचे ‘द इन्व्हिजिबल्स’ १९९४ मध्ये सुरू झाले. त्याचा खप घसरला तेव्हा मॉरिसन यांनी पत्रसदरातून वाचकांना एक यंत्राकृती देऊन सामुदायिक तांत्रिक विधी करण्याचे आवाहन केले, आणि विधीमुळे असो वा बातमीमुळे, मालिका २००० पर्यंत टिकली. उत्तर आयर्लंडचे गार्थ एनिस आणि इंग्रज चित्रकार स्टीव्ह डिलन यांचे ‘प्रीचर’ १९९५ ते २००० या काळात ६६ अंक चालले; टेक्सासमधील एक धर्मोपदेशक आपली जबाबदारी टाकून पळालेल्या देवाला जाब विचारायला निघतो, हा त्याचा विषय. डिलन यांची रेषा साधी आणि स्वच्छ होती, चेहऱ्यांवरील भावांत ती मुरलेली होती, म्हणूनच त्यातील हिंसा आणि अश्लील विनोद यांच्याखाली असलेली मैत्रीची गोष्ट वाचकापर्यंत पोहोचली. वॉरन एलिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांचे ‘ट्रान्समेट्रोपॉलिटन’ हे भविष्यातील महानगरात सत्तेशी झुंजणाऱ्या पत्रकाराचे कॉमिक ‘हीलिक्स’ या डीसीच्याच विज्ञानकथांच्या शाखेत जन्मले, आणि ती शाखा मिटल्यावर १९९८ मध्ये व्हर्टिगोत येऊन ६० अंकांनी २००२ मध्ये संपले.

या अंकसंख्यांकडे पाहिले की एक गोष्ट नजरेत भरते: त्या बहुतेक गोल आणि ठरवलेल्या आहेत. ब्रायन अझरेलो आणि अर्जेंटिनाचे एदुआर्दो रिस्सो यांनी ‘१०० बुलेट्स’ १९९९ मध्ये सुरू केले आणि २००९ मध्ये बरोबर शंभराव्या अंकाला संपवले. ब्रायन के. वॉन आणि पिया ग्वेरा यांचे ‘वाय : द लास्ट मॅन’, ज्यात पृथ्वीवरचे सर्व नर सस्तन प्राणी एकाएकी मरतात आणि एक तरुण व त्याचे माकड तेवढे उरतात, २००२ ते २००८ या काळात ६० अंकांत पूर्ण झाले, जेसन एरन आणि सर्बियाचे आर. एम. गेरा यांचे ‘स्कॅल्प्ड’ही ६० अंकांचे. बिल विलिंगहॅम यांचे ‘फेबल्स’ लोककथांतील निर्वासित पात्रांना न्यूयॉर्कमध्ये वसवून २००२ पासून २०१५ पर्यंत १५० अंक चालले. लेखक बहुतेकदा पहिल्या अंकाच्या वेळीच शेवट मनात धरून बसलेला असे, आणि वाचकालाही ते ठाऊक असे. त्यामुळे पात्रे म्हातारी होऊ शकत, चुकांचे परिणाम भोगू शकत, आणि एकदा मेली की मेलेली राहू शकत.

शेवट असलेल्या कथेचा व्यापारी उपयोगही होता, आणि तो डीसीने व्हर्टिगोतूनच ओळखला. सुट्या अंकांचे पाच-सहा भाग एकत्र बांधून काढलेल्या पुस्तकाला अमेरिकेत ‘ट्रेड पेपरबॅक’ म्हणतात. ‘सँडमन’चे पहिले असे खंड १९९० आणि १९९१ मध्ये निघाले, तेव्हा मासिक अंक वर्षानंतर रद्दीच समजला जाई. खंडांची ही पुस्तके मात्र सर्वसाधारण ग्रंथविक्रेत्यांकडे आणि ग्रंथालयांत गेली, वर्षानुवर्षे पुनर्मुद्रित होत राहिली, आणि कॉमिकच्या दुकानाची पायरी कधीच न चढलेल्या वाचकांनी, विशेषतः स्त्रियांनी, ती विकत घेतली. दहा खंडांत पूर्ण होणारी कथा कपाटात ठेवता येते. सत्तर वर्षे चाललेल्या आणि अजून न संपलेल्या नायकाचे तसे करता येत नाही. पुढे पुढे तर मासिक अंक जेमतेम खर्च काढी आणि नफा खंडांतून येई, त्यामुळे कमी खपाच्या मालिकांनाही पूर्ण होण्याइतकी मुदत मिळू लागली. इराक युद्धात बगदादच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेल्या सिंहांवरचे वॉन आणि निको आंरिशों यांचे ‘प्राइड ऑफ बगदाद’ २००६ मध्ये सुट्या अंकांची पायरी वगळून थेट पुस्तक म्हणूनच आले.

कार्यालयातले कुंपण या भरभराटीतही मधूनमधून दिसत राहिले. एलिस यांनी ‘हेलब्लेझर’साठी शाळेतील गोळीबारांवर लिहिलेली कथा १९९९ च्या कोलंबाइन हत्याकांडानंतर मागे घेतली गेली, लेखकाने मालिका सोडली, आणि ती कथा छापून यायला २०१० उजाडावे लागले. बाहेरचा दबाव रक्तापेक्षा बातमीचा होता, आणि मोठ्या माध्यम-उद्योगाची शाखा असण्याची ही किंमत बर्गर यांच्या लेखकांनी अनेकदा मोजली.

उतरण मात्र भीतीमुळे लागली नाही. ती पात्रांच्या किमतीमुळे लागली. डीसीची पुनर्रचना २००९ मध्ये ‘डीसी एंटरटेनमेंट’ म्हणून झाली आणि चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी पात्रांचा साठा या नजरेने कंपनी आपल्या कॉमिककडे पाहू लागली. स्वॅम्प थिंग, ॲनिमल मॅन आणि कॉन्स्टंटाइन यांना २०११ च्या सुमारास मुख्य सुपरहिरो-विश्वात परत बोलावण्यात आले. ‘हेलब्लेझर’, ज्यात कॉन्स्टंटाइन प्रत्यक्ष वर्षांबरोबर वय वाढत पन्नाशीपार गेला होता, ३०० व्या अंकाला २०१३ मध्ये थांबवण्यात आले आणि त्याच नायकाचा तरुण अवतार दुसऱ्या मालिकेत कामाला लागला. त्याच सुमारास व्हर्टिगोने घडवलेले लेखक इतरत्र जाऊ लागले होते. मार्व्हल सोडलेल्या चित्रकारांनी १९९२ मध्ये स्थापलेली ‘इमेज’ ही संस्था निर्मात्यांना पूर्ण मालकी देत असे. वॉन यांनी ‘सागा’ २०१२ मध्ये तिथे सुरू केले, आणि एके काळी जी कथा स्वाभाविकपणे बर्गर यांच्या टेबलावर आली असती तिला आता व्हर्टिगोकडे वळण्याचे कारण नव्हते. व्हर्टिगोने जी अपेक्षा जागवली ती दुसऱ्यांनी अधिक उदारपणे पुरवली. बर्गर यांनी ३३ वर्षांच्या नोकरीनंतर मार्च २०१३ मध्ये डीसी सोडली. पुढे डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेत २०१७ पासून त्यांच्याच नावाचे इंप्रिंट निघाले. त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या शेली बाँड यांचे पद २०१६ मध्ये रद्द झाले.

२०१८ मध्ये शाखेला नवी रंगरंगोटी करून पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न झाला. त्यातील ‘सेकंड कमिंग’ या येशूवरील उपरोधिक मालिकेविरुद्ध तक्रार-अर्जांची मोहीम निघाली आणि ती मालिका दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली. व्हीच यांच्या रद्द अंकाला तेव्हा तीस वर्षे होत आली होती. त्याच वर्षी डीसीने प्रौढांसाठी ‘ब्लॅक लेबल’ ही निराळी शाखा काढली, जिच्यात पात्रे बॅटमॅनसारखी कंपनीचीच होती. तिचे पहिले पुस्तक ‘बॅटमॅन : डॅम्ड’ हे ‘१०० बुलेट्स’च्याच अझरेलो यांचे असले, तरी त्याची चर्चा झाली ती एका चौकटीत बॅटमॅन विवस्त्र दिसला म्हणून, आणि पुढच्या आवृत्त्यांत ती चौकट अंधारून टाकण्यात आली. ‘प्रौढ’ म्हणजे काय दाखवले आणि काय झाकले, या १९५४ च्या प्रश्नापाशी कंपनी परत आली होती. व्हर्टिगो बंद होत असल्याचे डीसीने जून २०१९ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०२० पासून तिची जागा वयोगटांच्या तीन लेबलांनी घेतली.

जुनी पात्रे यानंतर मुख्य डीसीतच वावरू लागली. ‘स्वॅम्प थिंग’ २०२१ मध्ये राम व्ही या भारतीय लेखकाकडे आले, ज्यांचे मुंबईच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या मुलाभोवती फिरणारे ‘ग्रॅफिटीज वॉल’ तीन वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाले होते. त्यांच्या मालिकेत त्या हिरव्या देहात लेवी कामेई हा भारतातून अमेरिकेत गेलेला तरुण होता. ‘सँडमन’चे खंड ‘ब्लॅक लेबल’चा शिक्का कण्यावर घेऊन पुन्हा छापले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वार्षिक कॉमिक-संमेलनात डीसीने व्हर्टिगो पुन्हा सुरू होत असल्याची घोषणा केली, आणि जेम्स टिनियन व आल्वारो मार्तिनेस ब्वेनो यांची ‘ब्लॅक लेबल’खाली काही महिन्यांपूर्वी सुरू झालेली मर्यादित अंकांची मालिका जुन्या नावाखाली हलवली.